चालत्या मशीनची सुई

गोधडी शिवणारे लाँगआर्म मशीन मिनिटाला दीड हजार टाके सहज घालते. सेकंदाला पंचवीस. आठ तास ते या वेगाने चालले, तर एकच सुई ७,२०,००० वेळा कापडात शिरून परत येते. प्रत्येक खेपेला तिला वरचे कापड, मधले भरण आणि खालचे अस्तर असे तीन थर भेदायचे असतात, दोरा न तोडता खाली न्यायचा असतो, तिथे त्याचा फासा तयार करून द्यायचा असतो आणि लगेच पुढच्या टाक्यासाठी वर यायचे असते. हे सारे करते ती जेमतेम एक मिलिमीटर जाडीची पोलादी काडी. लाखो रुपयांच्या यंत्रातला हा अगदी स्वस्त सुटा भाग आहे आणि टाका नीट पडणार की नाही, हे बहुतेक वेळा त्याच्यावरच ठरते.

घरातल्या शिलाई मशीनमध्ये सुई आणि मशीनचा उभा खांब यांच्यामध्ये सहा-सात इंचांची जागा असते. जाड गोधडी गुंडाळून त्या जागेत कोंबायची म्हणजे मनगटांची परीक्षाच. लाँगआर्ममध्ये ही जागा १८ ते ३० इंच असते आणि मुळात कामाची रीतच उलटी असते. गोधडी लांबलचक चौकटीवर रोलरांना ताणून बसवलेली असते, ती जागची हलत नाही. फिरते ते मशीन. चाकांवर, पट्ट्यांवरून ते पुढे-मागे आणि डावीउजवीकडे सरकते. चालवणारी बाई किंवा कारागीर त्याच्या दांड्या धरून कापडावर रेघ ओढावी तशी शिलाई ओढतो. अमेरिकेत १९८० च्या दशकात गॅमिल, एपीक्यूएस अशा कंपन्यांनी लहान व्यावसायिकांसाठी ही यंत्रे बनवायला सुरुवात केली आणि तिथून ती जगभर गेली.

मशीनच्या सुईचे पहिले आश्चर्य तिच्या नेढ्याच्या जागेत आहे. हातशिलाईच्या सुईला नेढे मागे असते, टोक पुढे. संपूर्ण सुई कापडातून पलीकडे निघते आणि मागोमाग दोरा येतो. यंत्राला हे जमत नाही, कारण पलीकडे सुई पकडायला हात नाही. म्हणून नेढे टोकाजवळ आणले गेले. अमेरिकेत वॉल्टर हंट यांनी १८३० च्या दशकात अशी सुई वापरून यंत्र बनवले, पण पेटंट घेतले नाही. इलायस हॉव यांना १८४६ साली पेटंट मिळाले, १८५१ मध्ये सिंगर मशीन आले आणि पुढच्या तीन-चार दशकांत ते हिंदुस्थानातही रुजले. मुंबईत सिंगरचा कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी वाढवला. नंतर १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनीअरिंग वर्क्सने ‘उषा’ मशीन आणले. पाऊणशे-शंभर वर्षे शिंप्याच्या दुकानात आणि घराच्या ओटीवर ही यंत्रे खडखडत राहिली. पण त्यांच्या सुईकडे कुणी भिंगातून पाहिले असेल असे वाटत नाही. पाहण्यासारखे मात्र तिथे फार आहे.

सुईचा वरचा जाड भाग म्हणजे दांडा, तो मशीनच्या सुईदांडीत बसतो. त्याखाली बारीक अंग. अंगाच्या एका बाजूला दांड्यापासून नेढ्यापर्यंत लांब खोबण असते. सुई कापडात घुसते तेव्हा दोरा या खोबणीत लपतो, म्हणून तो कापडाशी घासत नाही. उलट्या बाजूला नेढ्याच्या किंचित वर एक उथळ खाच असते. साऱ्या टाक्याचे मर्म या खाचेत आहे. सुई सगळ्यांत खाली जाते आणि परत फिरून सुमारे दोन मिलिमीटर वर येते. खोबणीच्या बाजूचा दोरा सुईबरोबर वर सरकतो, पण खाचेच्या बाजूचा दोरा कापडाच्या पकडीमुळे मागे राहतो आणि फुगतो. छोटासा फासा तयार होतो. त्याच क्षणी फिरत्या हूकचे टोक खाचेतून जाते, तो फासा उचलते आणि बॉबिनच्या भोवती फिरवून सोडते. वरचा दोरा खालच्या दोऱ्यात अडकतो. टाका पडला. हूकचे टोक आणि सुईची खाच यांच्यातले अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही कमी ठेवलेले असते. सेकंदाला पंचवीस वेळा ही भेट चुकता कामा नये.

आता लाँगआर्ममध्ये नेमके काय बदलते ते पाहू, कारण सुई निवडण्याचा सगळा विचार इथून सुरू होतो. साध्या मशीनमध्ये खालचे दाते कापड पुढे ढकलतात, पण सुई वर असतानाच. सुई कापडात असते तेव्हा कापड स्थिर. लाँगआर्मला दाते नसतात. मशीन सतत चालत राहते, सुई वर असो की खाली. इंचाला दहा टाके घालायचे ठरवले, तर एक टाका सुमारे अडीच मिलिमीटरचा. त्या एका टाक्याच्या काळातला बराच वाटा सुई कापडाच्या आत असते आणि तेवढ्यात मशीन मिलिमीटरभर पुढे गेलेले असते. सुईचा वरचा भाग मशीनबरोबर जातो, खालचा भाग ताणलेल्या कापडात अडकलेला. दोघांच्या ओढाताणीत सुई वाकते. प्रत्येक टाक्याला थोडीशी वाकते आणि पुन्हा सरळ होते.

वाकते तीही प्रत्येक दिशेला वेगळी. बऱ्याच लाँगआर्म मशीनमध्ये लांब खोबण चालवणाऱ्याच्या समोर असते आणि खाच मागे, हूकच्या बाजूला. मशीन पुढे, म्हणजे आपल्यापासून दूर ढकलले की सुईचे टोक मागे रेंगाळते, आपल्याकडे येते. हूकपासून ते दूर गेले. फासा हूकच्या टोकाला सापडत नाही आणि टाका सुटतो. मशीन आपल्याकडे ओढले की टोक हूकच्या अंगावर जाते, कधी त्याला घासते, कधी आपटते. डावीउजवीकडे सरकताना टोक हूकच्या वाटेवर अलीकडे-पलीकडे होते, म्हणजे टायमिंग किंचित आधी किंवा नंतर गेल्यासारखे होते. ‘एकाच दिशेला टाके सुटतात, बाकी सगळीकडे नीट येतात’ ही तक्रार लाँगआर्मवर काम करणाऱ्यांकडून नेहमी ऐकू येते. मशीन बिघडले म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी सुईचा नंबर पाहावा.

मराठी गोधडीच्या बाबतीत हा दिशेचा प्रश्न फार जवळचा आहे. आपल्याकडची हाताची गोधडी बहुधा कडेपासून सुरू होते. धावदोरा चौकोनाच्या चारही बाजूंनी फिरत फिरत आत मध्यापर्यंत जातो. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे, त्यामुळे ही कला परदेशातल्या रजईकारांनाही ठाऊक झाली. हीच चौकोनातून आत जाणारी शिलाई लाँगआर्मवर करायची म्हटली, तर एका फेरीत मशीन चारही दिशांना जाते. चारही दिशांना सुई वाकते. दीड मीटर रुंद आणि दोन मीटर दहा सेंटीमीटर लांब गोधडी घेऊ. दोन ओळींत दीड सेंटीमीटर अंतर ठेवले, तर सगळ्या शिलाईची लांबी भरते २१० मीटर. इंचाला दहा टाक्यांच्या हिशेबाने हे झाले ८२ हजारांहून अधिक टाके. हाताने असे काम आठवडेच्या आठवडे चालते. मशीनची सुई ते मिनिटाला हजार टाक्यांच्या चालीने दीड तासाच्या आत उरकते, पण तिच्या प्रत्येक दोषाची खूणही त्या २१० मीटरभर उमटत जाते.

मीरा-भाईंदरमध्ये या सगळ्याला एक वेगळा संदर्भ आहे. १९८५ साली काही ग्रामपंचायती एकत्र करून इथे नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. उत्तनचे कोळी, राई-मुर्धे-मोर्व्याचे आगरी, डोंगरी परिसरातली ईस्ट इंडियन कुटुंबे हे मूळचे रहिवासी. त्यांच्यात घाटावरून, कोकणातून, गुजरात-राजस्थानातून आलेली माणसे मिसळली. प्रत्येकाने आपले पांघरूण बरोबर आणले. कुणाची गोधडी, कुणाची वाकळ, कुणाची गुजराती ढडकी, कुणाची राजस्थानी रजई. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतले लहान गाळे स्टीलच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असले, तरी तिथे शिलाईचेही काम चालते. दहा-बारा फुटांची लाँगआर्मची चौकट वन बीएचकेत मांडणे कठीण. ती मांडायची तर असा गाळाच हवा. आणि गाळ्यात मशीन आले की पहिली अडचण सुईचीच येते, कारण शेजारच्या गाळ्यातली सुई इथे चालत नाही.

हे नीट समजून घ्यायला हवे. घरच्या मशीनच्या सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते, म्हणून ती उलटी बसूच शकत नाही. तिचा प्रकार एचए × १. तयार कपड्यांच्या गाळ्यांत जी एका सुईची कारखान्यातली मशीन दिसतात, त्यांची सुई बहुधा डीबी × १ या प्रकारची. दांडा पूर्ण गोल, जाडी १.६२ मिलिमीटर. बहुतेक लाँगआर्म मशीनला लागते १३४ या कुळातली सुई, जिला आपल्या बाजारात डीपी × ५ म्हणूनही ओळखतात. दांडा तिचाही गोल, पण २ मिलिमीटर जाड. दोन्ही शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही. दोन मिलिमीटरच्या भोकात डीबीची सुई सैल जाते, स्क्रू तिला एका कडेला दाबून धरतो आणि सुई मध्यापासून सरकते. हूकची वाट मिलिमीटरच्या दहाव्या भागाने आखलेली, तिथे हे सरकणे टाका सोडायला पुरेसे आहे. दुकानात गेल्यावर नुसते ‘सोळा नंबरची सुई द्या’ म्हणणे पुरत नाही. आधी प्रकार सांगावा, मग नंबर. मशीनच्या पुस्तिकेत प्रकार छापलेला असतो. पुस्तिका हरवली असेल तर जुन्या सुईचे पाकीट जपून ठेवावे.

नंबराची गंमत अशी की पाकिटावर दोन आकडे असतात: १००/१६, ११०/१८. पहिला आकडा युरोपीय पद्धतीचा आणि अगदी सरळ आहे. तो सुईच्या अंगाची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. ९० म्हणजे ०.९ मिलिमीटर, १०० म्हणजे एक मिलिमीटर, ११० म्हणजे १.१. दुसरा आकडा जुन्या सिंगर पद्धतीचा, कारागिरांच्या तोंडी असलेला: १४, १६, १८, १९, २१. तो नुसता क्रम आहे, माप नाही.

चौदा आणि अठरा नंबरात फरक ०.२ मिलिमीटरचा. केवढासा! पण गोल काडीचा ताठपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १६ ऐवजी १८ नंबर घेतला, तर जाडी वाढते दहा टक्के आणि ताठपणा सुमारे ४६ टक्के. १४ वरून १८ वर गेलो तर ताठपणा दुपटीहून अधिक होतो. खोबणीमुळे खऱ्या सुईत हा हिशेब थोडा बदलतो, तरी मूळ गोष्ट कायम राहते. ब्लाउज शिवताना चौदा नंबर उत्तम. कापड नाजूक, भोक लहान हवे. लाँगआर्मवर तीच सुई हलक्या वाऱ्याने डोलावी तशी डोलते. म्हणून लाँगआर्मची सुरुवात सहसा सोळाने होते, अठरा हा रोजच्या कामाचा नंबर आणि जाड दोरा किंवा राठ थर असले की एकवीस. सुई बारीक तितके काम सुबक, ही शिंपीकामातली चांगली समजूत इथे सोडावी लागते. इथे आधी वाकण्याचा हिशेब, मग भोकाचा.

सुई बनवणाऱ्या कंपन्यांनी यावर खास उपाय शोधला. जर्मनीत आल्बश्टाट इथे १८५२ पासून सुया बनवणारी ग्रोत्स-बेकर्ट कंपनी चारही दिशांना फिरणाऱ्या शिलाईसाठी ‘एमआर’ नावाची सुई बनवते. तिच्या अंगाची घडण अशी केली आहे की त्याच नंबरच्या साध्या सुईपेक्षा ती कमी वाकते. पाकिटावर एमआर ३.५, एमआर ४.० असे लिहिलेले असते, ३.५ म्हणजे सोळा नंबर, ४.० म्हणजे अठरा. लाँगआर्मसाठी पैसे कुठे तरी जास्त घालायचे असतील तर ते इथे घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोनेरी दिसणाऱ्या टायटॅनियमच्या सुयांबद्दल मात्र थोडी सावधगिरी हवी. त्यांच्यावर टायटॅनियम नायट्राइडचा पातळ, अतिशय कठीण थर असतो. त्याने टोक जास्त काळ टिकते आणि घर्षण कमी होते. पण तो थर पृष्ठभागावरच आहे. आतली काडी तीच, वाकणेही तेच. टिकाऊपणासाठी सोनेरी सुई जरूर घ्यावी, सुटणाऱ्या टाक्यांवर औषध म्हणून घेऊ नये.

दोरा आणि नेढे यांचे जमणे हा निवडीचा दुसरा भाग. एका टाक्याला हूकभोवती फिरवण्यासाठी सुमारे दहा सेंटीमीटर दोरा खाली ओढला जातो, पण टाक्यात प्रत्यक्ष खर्च होतो तीन मिलिमीटरच्या आसपास. उरलेला सगळा दोरा पुन्हा नेढ्यातून वर येतो. म्हणजे दोऱ्याचा कुठलाही एक बिंदू कापडात कायमचा बसण्याआधी नेढ्यातून तीसेक वेळा खाली-वर घासला गेलेला असतो. नेढे लहान पडले की हा दोरा पिंजतो आणि तुटतो. फार मोठे झाले की फासा नीट फुगत नाही. सुईचा नंबर वाढला की जाडी वाढते, पण दोऱ्याच्या टिकिटाचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो. १२० चा दोरा बारीक, ७५ चा जाड. ही उलटापालट नवख्याला हमखास चकवते. एक साधी परीक्षा आहे. हातभर दोरा सुईत ओवून दोन्ही हातांनी तिरका, ताठ धरावा आणि सुई वरच्या टोकाला सोडावी. ती आपल्या वजनाने सरसर खाली घसरली तर जोडी जमली. अडखळली तर नंबर वाढवावा.

तिसरा भाग कापडाचा. विणीच्या सुती कापडाला साधे गोल अणकुचीदार टोक चालते. पाकिटावर त्याला ‘आर’ म्हणतात. टी-शर्टच्या होजिअरी कापडाची गोधडी असेल, जशी हल्ली मुलांच्या शाळेच्या आठवणींसाठी करतात, तर किंचित बोथट, गोलसर टोक हवे. ते धागा न तोडता बाजूला सारून जाते. जुन्या सुती लुगड्यांचे थर मऊ असतात, सुईला त्यांचा त्रास नाही. त्रास देते ते काठाचे जाड शिवण आणि जर. जरीच्या काठात धाग्याभोवती धातूची किंवा धातूचा मुलामा दिलेली बारीक पट्टी गुंडाळलेली असते आणि सुईचे टोक तिच्यावर झपाट्याने बोथटते. आजीच्या पैठणीचा किंवा नारायणपेठीचा काठ गोधडीत मिरवायचा असेल, तर त्या गोधडीनंतर सुई टाकून द्यायचीच, हे आधी ठरवून काम सुरू करावे.

आणि खाडीचा वारा. भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, भोवती मिठागरांची जुनी परंपरा. दमट आणि खारी हवा पोलादाला सोसत नाही. मशीनच्या सुया उच्च कार्बन पोलादाच्या असतात, त्यांच्यावर निकेल किंवा क्रोमचा थर चढवलेला असतो. तो शाबूत आहे तोवर ठीक. नेढ्याच्या आतल्या कडेला दोऱ्याच्या घासण्याने तो झिजतो आणि पावसाळ्यात नेमका तिथेच गंज धरतो. डोळ्यांना ठिपकाही दिसत नाही, पण दोरा फिसकारू लागतो. कारागीर दोऱ्याला दोष देतो, ताण सैल करतो, दिवस जातो. सुयांची उघडी पाकिटे गाळ्याच्या खिडकीत ठेवू नयेत. घट्ट झाकणाच्या डबीत, कोरड्या जागी ठेवावीत. चार दिवस मशीन बंद राहणार असेल तर सुई काढून ठेवलेली बरी.

सुई केव्हा बदलायची? आठ तास शिलाई झाली की बदलावी, असा एक अंदाज शिलाईच्या जगात प्रचलित आहे आणि मऊ सुती कामाला तो चालतो. लाँगआर्मवर अनेक जण नवी गोधडी चढवताना नवी सुई लावतात. मला हा नियम अधिक पटतो, कारण तो लक्षात ठेवावा लागत नाही आणि अर्ध्या गोधडीत टाक्याचे रूप बदलण्याची भीती राहत नाही. पण ठरलेल्या वेळेआधीही सुई सांगत असतेच. धारदार सुईचा आवाज मऊ, एकसारखा. बोथट सुई कापडावर टक् टक् वाजते, कारण ती भेदण्याऐवजी ठोकत असते. मधल्या भरणाचे पांढरे तंतू अस्तरातून बाहेर डोकावू लागले, तर टोक त्यांना ओढून नेते आहे असे समजावे. टाके सुटणे, दोरा पिंजणे, घट्ट विणीच्या कापडावर भोके दिसणे, ही बाकीची लक्षणे. काढलेली सुई काचेवर घरंगळवून पाहावी. वाकलेली असेल तर टोक डोलते. टोक नखावरून हलके ओढावे. ओरखडा उठला तर टोकाला चरा आहे.

कृत्रिम दोऱ्याच्या कामात आणखी एक गोष्ट घडते. वेगवान शिलाईत घर्षणाने सुई इतकी तापू शकते की पॉलिएस्टर मऊ पडावे. ते सुमारे २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते. वितळलेला सूक्ष्म अंश नेढ्यात आणि खोबणीत चिकटून राहतो. तेवढ्यासाठी वेग थोडा कमी ठेवणे हा सुई वाचवण्याचा सोपा मार्ग आहे.

बदलण्याची रीत लहान आहे, पण तिच्यात घाई चालत नाही. सुई पूर्ण वर आणावी आणि मशीन बंद करावे. सुईखालच्या पट्टीच्या भोकावर कागदाचा कपटा ठेवावा; निसटलेली सुई खाली हूकमध्ये पडली तर साध्या कामाचे मोठे दुखणे होते. स्क्रू सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही. जुनी सुई खाली ओढून काढावी. नवी सुई वर सरकवताना ती थेट टेकेपर्यंत जायला हवी. अनेक मशीनच्या सुईदांडीला यासाठी एक बारीक खिडकी असते, तीत दांड्याचे टोक दिसले पाहिजे. सुई अर्धा मिलिमीटर खाली राहिली तर हूकचे टायमिंग तेवढेच चुकते आणि मेकॅनिक येऊन नसलेला बिघाड शोधत बसतो.

मग दिशा. गोल दांडा कसाही फिरतो, म्हणून लाँगआर्मची सुई बसवताना सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. खाच हूककडे, लांब खोबण त्याच्या बरोबर विरुद्ध. नेढ्यात एक टाचणी घालून पाहावी: टाचणी सरळ आपल्याकडे रोखलेली दिसली तर सुई सरळ आहे. काही अनुभवी लोक, एका दिशेला टाके सुटत असतील तर, सुई घड्याळातल्या सहाच्या जागेवरून साडेसहाकडे अगदी किंचित फिरवतात, म्हणजे फासा हूकच्या टोकाला जरा सोयीचा मिळतो. हा बारीक इलाज आहे. आधी सरळ बसवून, चाचणी करूनच त्याकडे जावे. स्क्रू घट्ट करताना सुई फिरते, म्हणून घट्ट केल्यावर टाचणी पुन्हा लावून पाहावी. शेवटी चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवावे. कुठे खट्ट झाले नाही, तरच वीज चालू. पहिली शिलाई गोधडीवर न घालता चौकटीच्या कडेला उरलेल्या अस्तरावर, चारही दिशांना घालून पाहावी.

सोळावरून एकवीसवर उडी मारली, तर इतके करून भागत नाही. अंग जाड झाले की खाच हूकच्या जवळ येते. तिथले अंतर मेकॅनिककडून पुन्हा जुळवून घ्यावे लागते, नाहीतर हूकचे टोक सुईला घासून दोन्ही खराब होतात. सुई स्वस्तातली वस्तू, हूक मात्र महाग.

राहिली मोडक्या सुईची गोष्ट, आणि ती सगळ्यांत गंभीर आहे. तयार कपडे निर्यात करणाऱ्या कारखान्यांत यासाठी कडक शिस्त असते. सुई मोडली की काम थांबते. तिचे सगळे तुकडे शोधून, जुळवून, नोंदवहीत चिकटपट्टीने लावतात. तारीख, मशीनचा नंबर, कारागिराची सही. जुनी सुई, अगदी बोथट झालेलीसुद्धा, परत दिल्याशिवाय नवी मिळत नाही. एखादा तुकडा सापडला नाही तर त्या मशीनवरचा माल बाजूला काढून धातू ओळखणाऱ्या यंत्राखालून नेतात. ही शिस्त लहान गाळ्यात आणि घरातही हवी. शर्टाच्या दोन पदरांत अडकलेले टोक हाताला लागते. गोधडीत मात्र भरणाचा जाड थर असतो आणि मोडलेले टोक त्यात बुडून जाते; वापराने ते हळूहळू पृष्ठभागाकडे सरकू शकते. तान्ह्या बाळाच्या दुपट्यात असे टोक राहिले तर काय होईल, हे सांगायची गरज नाही. लाँगआर्मवर सुई मोडते ती बहुतेक वेळा मशीन झटक्याने ओढल्यामुळे किंवा काठाच्या जाड शिवणावर वेगात गेल्यामुळे, म्हणून टोक मोडल्या जागेच्या आसपासच असते. मशीन तिथेच थांबवावे. सुईचा वरचा तुकडा काढून नव्या सुईशेजारी धरावा, किती लांबीचा भाग गेला ते कळते. दांड्यावर बसवलेला शक्तिशाली लोहचुंबक आधी वरून, मग चौकटीखाली जाऊन अस्तराच्या बाजूने फिरवावा. हूकची टोपली आणि पट्टीखालची जागाही तपासावी. तुकडा मिळाला नाही, तर त्या भागातले टाके उसवून भरण उघडून पाहावे. तरीही मिळाला नाही, तर ती गोधडी बाळासाठी द्यायची नाही.

काढलेल्या जुन्या सुया कचऱ्याच्या पिशवीत तशाच टाकू नयेत. घंटागाडीवरची माणसे हाताने कचरा वेगळा करतात. झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत त्या साठवाव्यात, बाटली भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर ‘सुया’ असे ठळक लिहून वेगळी द्यावी.